कुत्र्याला घरच्या घरी आज्ञा शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या मळ्यांतून कुत्री पाळणारी मंडळी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आली आहेत, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते, की 'कुत्रा ऐकत नाही'. माझा अनुभव असा आहे, की कुत्रा न ऐकण्यामागे हट्ट क्वचितच असतो. आपण नकळत त्याला काहीतरी वेगळेच शिकवलेले असते, आणि ते तो इमानाने पाळत असतो. खालची बहुतेक उत्तरे या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

पिल्लाला कोणत्या वयापासून शिकवावे?

ते घरी आले त्याच दिवसापासून शिकवावे. मात्र ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, कारण भावंडांशी खेळताना 'किती जोराने चावले की समोरचा खेळ थांबवतो' हा धडा ते तिथेच घेते, आणि तो नंतर माणसांना तितका चांगला देता येत नाही. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लाला जे भीतीशिवाय पाहायला आणि ऐकायला मिळते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. अडचण अशी, की याच काळात लसीकरण पूर्ण झालेले नसते. ६ ते ८ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस असतात आणि रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली जाते. म्हणून या दिवसांत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन गणपती पेठेतली गर्दी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, एसटीचा आवाज, मोठ्याने गाणी लावून कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर हे सारे लांबून दाखवावे आणि दाखवताना तोंडात थोडा खाऊ द्यावा.

आज्ञा मराठीत द्याव्यात की इंग्रजीत?

कुत्र्याला भाषा नसते, त्याच्यासाठी शब्द म्हणजे एक आवाज असतो. त्यामुळे कोणतीही भाषा चालते, परंतु मराठी घरात एक खरी अडचण येते आणि ती आधीच ध्यानात घेतलेली बरी. 'बस' हा शब्द आपण दिवसभरात कितीतरी अर्थांनी वापरतो. ताटात भात वाढताना 'बस, बस', मुलांचे भांडण सोडवताना 'बस झालं', पाहुणा दारात आला की 'बसा, बसा', आणि सकाळी 'बस चुकली'. जो आवाज दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो आणि त्यातल्या पंचेचाळीस वेळा ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही, तो आवाज कानाआड करायला कुत्रा शिकतो. 'ये', 'चल' आणि 'थांब' यांचेही तसेच आहे.

म्हणून एकतर 'खाली बस' असा जोडशब्द ठरवावा, किंवा 'सिट' म्हणावे. दोन्ही चांगले. महत्त्वाचे हे, की घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसून शब्द ठरवावेत आणि ते कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवावेत. आजी 'बैस' म्हणते, बाबा 'सिट' म्हणतात आणि धाकटा 'ए, बस ना रे' म्हणतो, अशा घरात कुत्र्याने काय करावे? शब्दासोबत हाताची एकच ठरलेली खूणही ठेवावी, कारण बहुतेक कुत्री शब्दापेक्षा खूण लवकर उचलतात.

'खाली बस' नेमके कसे शिकवायचे?

चिमटीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा खाऊ धरावा. तो कुत्र्याच्या नाकाला जवळजवळ टेकवावा, आणि तिथून अगदी सावकाश, डोळ्यांच्या मधून वर, कानांच्या दिशेने मागे न्यावा. नाक खाऊच्या मागे वर जाते, मान मागे कलते, आणि तोल सांभाळण्यासाठी मागचा भाग आपोआप खाली येतो. तो जमिनीला टेकला त्याच क्षणी 'छान' म्हणावे आणि खाऊ द्यावा. हात फार उंच नेला तर कुत्रा उडी मारेल, फार भराभर नेला तर तो मागे सरकेल. मागे सरकत असेल तर त्याच्या पाठीमागे भिंत येईल असे उभे करावे. पाठीवर दाबून बसवू नये, कारण दाबले की तो उलट जोर लावतो आणि शिकतो काहीच नाही.

पहिले आठ-दहा वेळा तोंडाने आज्ञा देऊच नये, हे अनेकांना विचित्र वाटते. आधी क्रिया, मग तिचे नाव. हात वर गेला की तो बसणारच अशी आपली खात्री झाली, की हात हलवण्याच्या क्षणभर आधी 'खाली बस' म्हणायला सुरुवात करावी. दोन-तीन दिवसांत हातात खाऊ न ठेवता नुसती खूण करावी आणि खाऊ दुसऱ्या हाताने खिशातून काढून द्यावा, नाहीतर 'हातात काही दिसले तरच बसायचे' एवढेच तो शिकेल.

यातला सर्वांत नाजूक भाग वेळेचा आहे. शाबासकी क्रियेनंतर एक-दोन सेकंदांच्या आत पोहोचली पाहिजे. कुत्रा बसला, आपण खिसा चाचपत राहिलो, तोवर तो उठून उभा राहिला आणि मग खाऊ मिळाला, तर त्याच्या हिशेबाने तो खाऊ उठण्याचा आहे. 'छान' हा छोटा, नेहमी एकाच स्वरात उच्चारलेला शब्द त्यासाठीच असतो. तो त्या क्षणावर बोट ठेवतो आणि खाऊ पोहोचायला दोन सेकंद उशीर झाला तरी चालतो.

खाऊ म्हणून काय द्यावे आणि काय देऊ नये?

उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमसाल्याच्या चिकनचे बारीक तुकडे उत्तम. शाकाहारी घरात पनीर, गाजर, काकडी आणि ज्वारीच्या भाकरीचे कुरकुरीत तुकडे चालतात. दिवसभराच्या खाऊचे प्रमाण एकूण आहाराच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ देऊ नये आणि तेवढे जेवणातून कमी करावे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट फार कळकळीने सांगावीशी वाटते. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात घरोघरी बेदाण्याचा डबा असतो आणि लहान मुले हातातले बेदाणे प्रेमाने कुत्र्याला भरवतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असल्यामुळे 'दोन-चार चालतात' असे म्हणता येत नाही. बेदाणे घातलेला शिरा, केक आणि खीरही यात आली. चुकून खाल्लेच, तर उलटी किंवा सुस्ती दिसण्याची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे गोड पदार्थही कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

हाक मारली की कुत्रा येत नाही, उलट लांब पळतो. काय करावे?

सगळ्या आज्ञांमध्ये हीच एक अशी आहे, जी एखाद्या दिवशी कुत्र्याचा जीव वाचवते, आणि नेमकी हीच आपण सर्वांत जास्त बिघडवतो. कशी ते आमच्याच घरातल्या प्रसंगावरून सांगतो. उसाचा हंगाम होता, संध्याकाळची वेळ होती, फाटक उघडे राहिले आणि वर्षभराचा कुत्रा रस्ता ओलांडून फडाकडे गेला. घरातले वडीलधारे वीस मिनिटे 'ये, ये' म्हणून हाका मारत होते. अखेरीस तो स्वतःहून परत आला, पायाशी आला, आणि इतका वेळ जीव टांगणीला लागलेला असल्यामुळे त्याला दोन फटके बसले. आपल्या मनात ती शिक्षा पळून जाण्याची होती. कुत्र्याने मात्र जोडले ते शेवटचे पाऊल, म्हणजे 'आलो आणि मार बसला'. पुढचे दोन महिने 'ये' म्हटले की तो दहा फुटांवर मान खाली घालून उभा राहायचा, पुढे येत नसे.

एवढा मोडलेला शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घेणे सोपे असते. आम्ही शिट्टी घेतली. शिट्टीत राग उतरत नाही, घरातल्या कोणीही वाजवली तरी ती सारखीच ऐकू येते आणि मळ्यात लांबवर पोहोचते. पहिले काही दिवस त्याला बोलावलेच नाही. तो जवळ असतानाच शिट्टी वाजवायची आणि लगेच खाऊ द्यायचा, एवढेच केले. मग घराच्या सोप्यातून, मग अंगणातून, मग दोघांनी दोन टोकांना बसून आलटून पालटून.

बाहेर सराव करताना सुमारे १० मीटर लांबीची सुती दोरी घ्यावी, बैलाचा कासरा असतो तशी, म्हणजे हाताला कापत नाही. ती गळ्याच्या पट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधावी, कारण धावत गेलेल्या कुत्र्याला मानेवर हिसका बसला तर इजा होते. दोरी ओढून आणण्यासाठी नसते, पळून जाण्याचा सराव होऊ नये एवढ्यासाठीच असते. हाक एकदाच मारावी. आला नाही तर पुन्हा पुन्हा ओरडू नये, त्याऐवजी खाली उकिडवे बसावे किंवा उलट दिशेला पळावे. माणूस मागे धावू लागला की कुत्र्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो, आणि माणूस दूर पळू लागला की तोच मागे येतो.

आल्यावर आधी पट्ट्याला हात लावावा, मग खाऊ द्यावा आणि बहुतेक वेळा परत खेळायला सोडून द्यावे. 'गेलो की बांधतात' हे गणित त्याने मांडता कामा नये. अंघोळ, औषध, नखे कापणे, साखळीला बांधणे, यांपैकी कशासाठीही हाक मारू नये. त्या वेळी आपण उठून त्याच्याकडे जावे.

'थांब' किती वेळ आणि कसे वाढवायचे?

तीन गोष्टी वेगवेगळ्या वाढवाव्या लागतात: वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड. एक वाढवली की उरलेल्या दोन कमी कराव्यात. आधी समोर उभे राहून ३ सेकंद, मग ५, मग १०. मग एक पाऊल मागे, पण पुन्हा ३ सेकंदांपासून. कुत्रा उठला तर रागवू नये, आपण एक पायरी घाईने चढलो असे समजून मागे यावे. 'थांब' संपल्याचे सांगणारा शब्दही हवा, जसे 'मोकळा'. तो नसेल तर थांबणे कधी संपते हे कुत्रा स्वतःच ठरवतो. फाटक उघडण्यापूर्वी आणि जेवणाचे भांडे खाली ठेवण्यापूर्वी हा सराव रोज आपोआप होतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तोंडात धरलेली वस्तू सोडत नाही.

हिसकावू नये, बदली द्यावी. नाकाजवळ चांगला खाऊ धरावा, तोंड उघडले की 'सोड' म्हणावे, खाऊ द्यावा आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर तीच परत द्यावी. परत मिळते हे कळलेला कुत्रा चप्पल घेऊन पलंगाखाली दडत नाही.

फिरायला नेताना पट्टा ओढतो.

ओढल्याने तो पुढे पोहोचतो, म्हणून ओढतो. दोरी ताणली गेली की आपण झाडासारखे उभे राहावे. ती सैल झाली की 'छान' म्हणून चालू लागावे. पहिल्या आठवड्यात विश्रामबागच्या एका गल्लीच्या टोकाला जायला पाऊण तास लागेल, आणि ते ज्याला जमते त्याचा कुत्रा पुढे दहा वर्षे शेजारून चालतो. ज्या दिवशी वेळ नसेल त्या दिवशी अंगणातच खेळवावे. एक दिवस ओढू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नाही, याने ओढण्याची चिकाटीच वाढते.

थोडा धाक नको का? कळपात म्होरक्याचेच ऐकतात ना?

हा समज लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांतून आला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून वर्चस्वाची मांडणी केली. पुढे डेव्हिड मीच या संशोधकांनी ती लोकांपर्यंत पोहोचवली, आणि मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये स्पष्ट केले, की रानातला कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंब असते. कुत्र्याला उताणे पाडून धरणे, मान धरून हलवणे, नाक मुतात घासणे या सगळ्या प्रकारांना त्यामुळे आधार उरत नाही.

माराने कुत्रा गप्प होतो, हे खरे आहे. पण गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, राग सोडत नाही, आणि मग एखाद्या दिवशी सूचना न देता चावतो. ज्या घरात लहान मूल आहे तिथे तर गुरगुरणारा कुत्रा मुका झालेल्या कुत्र्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, कारण तो आपल्याला वेळ देतो. शिवाय प्राण्यांना मारहाण करणे आणि त्यांचा छळ करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. चुकीला 'नाही' म्हणू नये असे माझे म्हणणे नाही. तेवढ्यावर न थांबता, त्याऐवजी काय करायचे तेही त्याला दाखवले पाहिजे. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला दारात 'खाली बस' शिकवले, की उडी आपोआप सुटते, कारण बसून उडी मारता येत नाही.

पिल्लू हातापायांना सारखे चावते.

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि ते पडून कायमचे ४२ दात येण्याचे काम साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत चालते. हिरड्या शिवशिवतात. दात लागला की खेळ तिथेच थांबवावा, अर्धा मिनिट उठून जावे आणि चावायला गाठ मारलेली ओली सुती चिंधी किंवा रबरी खेळणे द्यावे. ओरडून हात झटकला तर खेळ अधिकच रंगतो. दाताने त्वचा फुटली असेल, तर पिल्लू घरचे असले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे.

घरात सगळे ऐकतो, बाहेर काहीच नाही. आणि आठव्या महिन्यात तर घरातलेही विसरला.

स्वयंपाकघरात शिकलेले 'खाली बस' कुत्र्यासाठी स्वयंपाकघरापुरतेच असते. अंगणात, आमराईत, कृष्णाकाठी, शेजारच्या दारात ते पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. दरवेळी आधीपेक्षा लवकर जमते. बाहेर गडबड जास्त असल्यामुळे खाऊही घरातल्यापेक्षा चांगला हवा. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचे वयात येण्याचे दिवस असतात. या काळात तो विसरत नाही, त्याचे लक्ष वाऱ्यावर असते. दोरी पुन्हा बांधावी, पायरी खाली यावे, सराव सोडू नये. बरेच लोक नेमके याच महिन्यांत थकून कुत्र्याला साखळीला बांधून टाकतात.

कारवानी किंवा गावठी कुत्रे शिकते का?

दोन्ही शिकतात. कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखला जाणारा आणि आपल्याकडे कारवानी म्हटला जाणारा हा कुत्रा २००५ मध्ये भारतीय डाकेच्या तिकिटावर आला. तो नजरेने शिकार करणारा आहे. ससा किंवा मांजर पळताना दिसले, की तो आधी धावतो आणि हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडू नये, मग तो घरात कितीही शहाणा असो. त्याची त्वचा पातळ आणि मन हळवे असते, चढ्या आवाजाने तो पार मिटून जातो. गावठी कुत्रे अतिशय हुशार असते, पण आपला फायदा पाहूनच हलते. त्याला एकच गोष्ट वीस वेळा करायला लावू नये. पाच वेळा केली की थांबावे.

मळ्यावर राखणीला बांधलेले चार वर्षांचे कुत्रे आता शिकेल का?

वयाची अडचण नाही, साखळीची आहे. दिवसभर दाव्याला बांधलेल्या कुत्र्याच्या अंगात साठलेली रग सुटली नाही, तर त्याला चिमटीतला खाऊही दिसत नाही. आधी आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ लांब दोरीवर अर्धा-पाऊण तास फिरवावे, काहीही न शिकवता. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे हेही वर सांगितलेल्या कायद्यात क्रूरतेत मोडते. नंतर 'खाली बस'पासून सुरुवात करावी. मोठ्या कुत्र्याचे लक्ष पिल्लापेक्षा जास्त वेळ टिकते, हा उलट फायदाच असतो.

उन्हाळ्यात सराव कधी घ्यावा?

सूर्य वर येण्याआधी किंवा पूर्ण मावळल्यावर. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ असताना पाच मिनिटांची पळापळही त्याला झेपत नाही, पग आणि हस्की यांना तर मुळीच नाही. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

एकूण किती दिवस लागतात आणि खाऊ कधी बंद करावा?

दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटे, एवढे पुरते. 'खाली बस' आठवड्यात येते, बाहेरचे 'थांब' आणि भरवशाची हाक यांना काही महिने द्यावे लागतात. खाऊ एकदम बंद करू नये. आज्ञा पक्की झाली की दरवेळीऐवजी कधी दुसऱ्या, कधी पाचव्या वेळी द्यावा, मधल्या वेळी थोपटावे, चेंडू टाकावा किंवा फाटक उघडावे. 'या वेळी मिळेल का' या उत्सुकतेने तो अधिक झटकन करतो. हाकेला मात्र हा नियम लावू नये. ती ऐकून कुत्रा दहा वर्षांचा झाल्यावरही आला, तरी खिशात त्याच्यासाठी काहीतरी असावे.